कायझेन भरपूर झालं, लीड टाइम मात्र जागचा हलेना: लीन लाइनचं डिझाइन आधी की सुधारणा आधी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. दोन वर्षं तुमच्याकडे कायझेन, म्हणजे कामाच्या जागी सतत केलेल्या छोट्या सुधारणा, चालू आहे. फाइव्ह एस (जागेची आवराआवर आणि नीट मांडणी) झालं, बोर्ड लागले, सूचनांचा ढीग जमला, ऑडिटमध्ये मार्कही बरे मिळाले. पण ऑर्डर आल्यापासून डिस्पॅचपर्यंतचे दिवस, म्हणजे लीड टाइम, होते तेवढेच आहेत. आता नव्या प्रॉडक्टसाठी प्रेस आणि असेंब्लीची नवी लाइन उभी करायची आहे. तुमचे साहेब म्हणतात, लीन (माल कमीत कमी अडकून राहील अशा) लाइनचं डिझाइन आधी कागदावर पक्कं करा, कायझेनचं नंतर बघू. तुमचं म्हणणं, लोकांना सुधारणा करू द्या, लाइन आपोआप लीन होत जाईल. बरोबर कोण?

मला हा वाद भलत्याच जागी अडकलेला वाटतो. तुमच्या वर्णनावरून खरी अडचण अशी दिसते की तुमच्या सुधारणा लाइनच्या एकाही आकड्याला जाऊन भिडत नाहीत. लॉट (एका पार्टचे एका दमात काढायचे पीस) केवढा, दोन स्टेशनांमध्ये माल किती, माल मागवायची कार्डं किती, माणसं किती, कुणी कुणाला केव्हा माल द्यायचा, हे आकडे म्हणजेच डिझाइन. यातला एखादा आकडा ज्या कायझेनने बदलतो, ते सिस्टिम बदलतं. बाकीची कायझेन त्या त्या जागेपुरती चांगली असतात. ट्रॉलीचा हँडल उंच केला, माणसाची कंबर वाचली, उत्तमच झालं, ते करायलाच हवं. पण त्याने माल एक तासही लवकर बाहेर पडत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये.

पुढचं सगळं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मी गृहीत धरतोय की पार्ट ठरावीक आहेत, तेच ते पुन्हा लागतात, आणि मागणी रोज थोडी वरखाली झाली तरी महिन्याभरात फार उड्या मारत नाही. प्रत्येक ऑर्डर वेगळी असेल, जॉब शॉपसारखं काम असेल, तर टाक्ट टाइम (मागणी पुरी करायला दर किती वेळाने एक पीस निघायला हवा) आणि पार्टनिहाय कानबान (माल वापरला की तेवढाच पुन्हा मागवणारी कार्डं) यांचा फारसा उपयोग नाही. तिथे एका वेळी शॉपमध्ये किती ऑर्डरी सोडायच्या यावर मर्यादा घालणं जास्त कामाचं. मोठ्या भट्ट्या किंवा टाक्या असतील तर लॉट लहान करण्याला भौतिक मर्यादा येते. आणि प्रेस जुन्या प्रॉडक्टसोबत वाटून वापरायचा असेल तर खालचं गणित दोन्ही प्रॉडक्ट एकत्र धरून करावं लागेल.

आधी लीड टाइम का हलला नाही ते पाहू. एक साधा नियम आहे, जॉन लिटल यांनी 1961 मध्ये त्याची सिद्धता दिली: आत अडकलेला माल भागिले बाहेर पडण्याचा वेग म्हणजे आत राहण्याचा सरासरी वेळ. रोज 600 पीस बाहेर पडतात आणि शॉपमध्ये सगळीकडे मिळून 7,200 पीस पडलेत, तर एक पीस सरासरी 12 दिवस आत राहणार. प्रत्यक्ष हात लागायला त्याला काही मिनिटंच लागत असतील. उरलेला सगळा काळ तो बिनमध्ये, रॅकवर, पॅलेटवर वाट पाहत असतो. तुमच्या दोन वर्षांतल्या कायझेनची यादी काढा आणि प्रत्येकीसमोर लिहा: हिने हात लागण्याचा वेळ कमी केला की वाट पाहण्याचा? बहुतेक शॉपमध्ये यादीतली बहुतांश कामं पहिल्या प्रकारची निघतात. 12 दिवसांतली मिनिटं वाचवून हाती काय लागणार?

आता एक उदाहरण सावकाश पाहू, कारण डिझाइन आणि सुधारणा यांची गाठ नेमकी कुठे पडते ते यात दिसतं.

समजा एका प्रेसवर सहा पार्ट निघतात, प्रत्येकी रोज 100. म्हणजे दिवसाला 600 पीस, एका पीसला 1.2 मिनिटं, एकूण 720 मिनिटं. दोन शिफ्ट मिळून हातात 900 मिनिटं. उरलेल्या 180 पैकी 60 मिनिटं ब्रेकडाउन आणि रिजेक्शनसाठी राखून ठेवली, तर सेटिंगला, म्हणजे एका पार्टची डाय (साचा) काढून दुसऱ्याची बसवायला, 120 मिनिटं उरतात. एका सेटिंगला 40 मिनिटं लागत असतील तर दिवसाला तीनच सेटिंग बसतात. सहा पार्टांची फेरी पुरी व्हायला दोन दिवस. म्हणजे प्रत्येक पार्टचा लॉट 200 चा, हे ठरून गेलं. हा आकडा कुणी मीटिंगमध्ये ठरवलेला नाही, 40 मिनिटांच्या सेटिंगने तो तुमच्यावर लादलाय.

आता सेटिंगचं कायझेन करू. व्हिडिओ काढून बघितलं की जे दिसतं ते साधारण सगळीकडे सारखंच असतं. मशीन थांबल्यावर सेटर पाना शोधायला टूल रूमकडे जातो. पुढची डाय अजून रॅकवरच असते आणि क्रेन दुसरीकडे गुंतलेली असते. बोल्टचे आटे लांबलचक, दहा वळसे फिरवायचे, पण पकड बसते शेवटच्या वळशाला. डायची उंची वेगवेगळी, म्हणून दर वेळी शिम (पातळ पट्ट्या) घालून स्ट्रोक जुळवायचा. सगळ्यात जास्त वेळ शेवटी जातो: पहिला पीस तपासायला क्वालिटीकडे पाठवलाय, तिथला माणूस दुसऱ्या लाइनवर आहे, प्रेस आणि ऑपरेटर दोघंही उभे. यातलं मशीन चालू असताना करता येईल तेवढं आधीच उरकायचं, डायची उंची एकसारखी करून घ्यायची, बोल्टच्या जागी झटकन बसणारे क्लॅम्प लावायचे, पहिल्या पीससाठी गेज मशीनशेजारीच ठेवून तपासणी सेटरला शिकवायची. यातल्या बऱ्याच गोष्टींना मोठा खर्च नाही. 40 ची 10 मिनिटं होणं अवघड वाटलं तरी अशक्य नसतं.

इथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट: सेटिंग 10 मिनिटांवर आलं, कायझेन शीट भरली, फोटो लागले, पण प्लॅनिंगने लॉट 200 चाच ठेवला. रोज तीन सेटिंग, वाचले 90 मिनिटं. त्या वेळात प्रेस रिकामा दिसतो, म्हणून कुणीतरी आणखी थोडा माल काढून ठेवायला सांगतं. स्टॉक वाढतो आणि लिटलच्या नियमाने लीड टाइमही वाढतो. म्हणजे चांगल्या कायझेनने सिस्टिम आणखी बिघडवली. तुमच्याकडे असंच झालं असेल असं ठामपणे म्हणत नाही, पण मी सगळ्यात आधी इथेच शोधेन.

दुसरी वाट: ती 120 मिनिटं पूर्वीसारखीच सेटिंगवर खर्च करा. आता त्यात 12 सेटिंग बसतात. सहाही पार्ट प्रत्येक शिफ्टमध्ये एकदा निघतात, लॉट 200 वरून 50 वर येतो. मग कार्डांचं गणित बदलतं. आधी पार्ट पुन्हा मिळायला दोन दिवस फेरीचे आणि अर्धा दिवस कार्ड फिरणं, माल हलवणं यांचा, असे अडीच दिवस. रोजचे 100 धरून 250 पीस, वर 20 टक्के राखीव म्हणजे 300, बिनमध्ये 25 बसतात म्हणून 12 कार्डं. आता अर्धा दिवस अधिक अर्धा दिवस, 100 पीस, राखीव धरून 120, म्हणजे 5 कार्डं. प्रत्येक पार्टची सात कार्डं फळीवरून काढून घ्यायची. सहा पार्टांची मिळून 72 बिनऐवजी 30 बिन.

माझ्या हिशोबी कायझेन पुरं होतं ते ही सात कार्डं काढली त्या दिवशी. सेटिंगचा वेळ कमी झाला त्या दिवशी नुसती तयारी झाली. सातही एकदम काढू नका. एक काढा, आठवडाभर बघा, मग पुढचं. कुठे माल तुटला तर त्याचं कारण शोधा, आणि ते कारण हेच तुमचं पुढचं कायझेन. विषय सुचवण्यासाठी वेगळी सूचनापेटी लागत नाही.

याचा इतिहासही असाच आहे. टोयोटासोबत काम केलेले जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांच्या सांगण्यानुसार टोयोटात 1969 मध्ये 1,000 टनी प्रेसच्या सेटिंगला चार तास लागत. ते आधी दीड तासावर आणलं, आणि तेवढ्यावर न थांबता व्यवस्थापनाने तीन मिनिटांचं लक्ष्य दिलं. तेही गाठलं गेलं. त्या तीन मिनिटांमागे विक्रमाची हौस नव्हती. लहान लॉटमध्ये, ओढ पद्धतीने (पुढच्याने मागितलं तेवढंच मागच्याने काढायचं) माल चालवायचा तर सेटिंग तेवढंच हवं होतं. गरज डिझाइनमधून आली, उत्तर सुधारणेतून. उलट बाजूही तितकीच खरी आहे: टोयोटाचे ताइइची ओनो यांनी तिथल्या मशीन शॉपमध्ये एका माणसाकडे दोन मशीन देण्यापासून 1940 च्या दशकाच्या अखेरीला सुरुवात केली, कानबान 1950 च्या दशकात आलं आणि पुढच्या दशकात कंपनीभर पसरलं. कागदावर पूर्ण नकाशा काढून मग बांधलेली ती सिस्टिम नव्हती. म्हणून तुमच्या साहेबांना मी म्हणेन, डिझाइन आधी कराच, पण ते आजच्या आकड्यांवर चालणारं करा आणि पुढचे आकडे त्यात आत्ताच लिहून ठेवा: आज लॉट 200, सहा महिन्यांनी 100, त्यासाठी सेटिंग इतकं हवं. कोणतं कायझेन कधी लागेल ते मग डिझाइनच सांगतं.

नव्या लाइनच्या डिझाइनमध्ये वरच्यांशी हमखास वाद होतो तो मशीनच्या वापराबद्दल. प्रेस 80 टक्केच चालतोय म्हटल्यावर 95 वर न्या असं सांगितलं जातं. तेव्हा रांगेचं गणित मांडा. माल येण्याची वेळ आणि प्रक्रियेचा वेळ दोन्ही बेभरवशाचे असतील तर एका मशीनसमोर सरासरी थांबण्याचा वेळ असा निघतो: 80 टक्क्यांना एका पीसच्या प्रक्रियेच्या 4 पट, 90 ला 9 पट, 95 ला 19 पट. तुमच्याकडे चढउतार कमी असतील तर हे आकडे खाली येतील, पण वळण तसंच राहतं, शेवटच्या पाच टक्क्यांत रांग दुपटीहून जास्त फुगते. म्हणून वरच्या उदाहरणात 60 मिनिटं राखून ठेवली. ती वाया गेलेली नाहीत. ती लाटण्याचा मोह आवरा, निदान ब्रेकडाउन खरोखर कमी होईपर्यंत तरी.

आता असेंब्ली. शिफ्ट 450 मिनिटांची, म्हणजे 27,000 सेकंद. शिफ्टला 300 पीस, म्हणून टाक्ट टाइम 90 सेकंद. समजा एका पीसचं एकूण काम 315 सेकंद. साडेतीन माणसं. अर्धा माणूस कुठून आणायचा? बहुतेक जण चार माणसं घेऊन काम सारखं वाटतात, प्रत्येकाला 79 सेकंद. लाइन चालते, सगळे जरा निवांत, आणि 11-11 सेकंदांची पोकळी चौघांत विरून जाते, कुणाच्या नजरेसही पडत नाही. मी तिघांना 88 सेकंदांपर्यंत भरतो आणि उरलेले 51 सेकंद चौथ्याकडे ठेवतो. तो उरलेल्या वेळात मोकळा दिसतो, दिसूच दे. आता टीमसमोर प्रश्न स्पष्ट आहे: 315 मधून 51 सेकंद कुठून निघतील? मागे वळून स्क्रू घेणं, पीस दोनदा उलटवणं, स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून पुन्हा उचलणं, गेजसाठी चार पावलं चालणं. हात भरभर चालवून सेकंद काढायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळा.

चौथ्या माणसाचं पुढे काय, हे काम सुरू करण्याआधी जाहीर झालं पाहिजे. त्याला घरी पाठवलंत तर त्या शॉपमध्ये पुन्हा कुणी तुम्हाला एक सेकंदही दाखवणार नाही, आणि त्यांचं बरोबरच असेल. लाइनवरचा सगळ्यात तरबेज माणूस मोकळा करून कायझेन टीममध्ये घ्यावा. लोकांना तो मान वाटतो, आणि टीमलाही काम जाणणारा माणूस मिळतो.

ही असेंब्ली कागदावर ठरवू नका. पुठ्ठा, पाइप आणि जुनी टेबलं घेऊन पूर्ण मापाची खोटी लाइन उभी करा. प्रेसला पाया लागतोच, त्याची जागा विचार करून ठरवा. पण असेंब्लीची टेबलं चाकांवर, वीज आणि हवा वरून. ऑपरेटर, मेंटेनन्स, क्वालिटी आणि माल पोचवणारा माणूस असे सगळे मिळून प्रत्येक कामाचे निदान चार-पाच वेगवेगळे मार्ग सुचवा, खोटे पीस हातात घेऊन करून बघा, वेळ मोजा, पुठ्ठा कापा, पुन्हा करा. ड्रॉइंगवर सुरेख दिसणाऱ्या लाइनमध्ये बिन भरायला येणारा माणूस ऑपरेटरच्या अंगावरून हात घालतोय, हे पुठ्ठ्याच्या लाइनवर पहिल्या तासात कळतं. मग बिन मागून घसरत येतील अशी सोय होते, बिन लहान होतात, इंग्रजी यू अक्षरासारखी मांडणी करून पहिलं आणि शेवटचं स्टेशन जवळ येतं. साहेबांचं डिझाइन आणि तुमचं कायझेन इथे एकाच खोलीत एकाच वेळी चालतं. तुमच्या वादाचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

चूक झाली की लाइन थांबवण्याची सोयही आत्ताच ठरवा. जपानी संशोधक साकिची टोयोडा यांच्या 1924 च्या कापड विणायच्या मागाला धागा तुटला की आपोआप थांबण्याची सोय होती, म्हणून एक माणूस अनेक माग सांभाळू शकत असे. तुमच्याकडे अँडॉनची (अडचण आली की ओढून मदतीचा दिवा लावायची) दोरी लावणं सोपं आहे. दोरी ओढल्यावर कोण येणार, किती सेकंदांत येणार, तो नसेल तर कोण, हे नावानिशी ठरवणं हे खरं डिझाइन. त्यासाठी टीम लीडरला कायमचं एक स्टेशन देऊ नका. तो स्वतःच पीस जोडत बसला तर दिवा लुकलुकत राहतो आणि आठवड्याभरात दोरी ओढणं बंद होतं.

इथवरचं थोडक्यात: डिझाइन आजच्या आकड्यांवर उभं करा, पुढचे आकडे लिहून ठेवा, पुठ्ठ्यावर करून बघा, आणि प्रत्येक सुधारणेनंतर एक कार्ड, एक लॉट किंवा एक स्टेशन बदलतंय का ते तपासा.

स्टँडर्ड वर्कबद्दल (काम कसं करायचं ते लिहिलेल्या शीटबद्दल) फार लिहीत नाही, एवढंच बघा की ते कागद टीम स्वतः पेन्सिलने बदलते का. लॅमिनेट करून टांगलेल्या शीटवर दीड वर्षापूर्वीची तारीख असेल तर तिथे सुधारणा थांबली आहे, बोर्ड काहीही म्हणोत. रोजच्या प्लॅनमध्ये पार्ट मिसळून सोडणं, म्हणजे हेइजुंका, हेही सेटिंग खाली आल्याशिवाय सुरू करू नका. 40 मिनिटांच्या सेटिंगवर ते लादलं तर प्रेस दिवसभर डाय बदलतच बसेल.

एक गोष्ट मात्र साहेबांकडून मागून घ्या: दरमहा इतकी कायझेन झालीच पाहिजेत हे टार्गेट नव्या लाइनपुरतं तरी रद्द करा. संख्या मागितली की संख्याच मिळते, आणि महिनाअखेरीला फळ्यांना रंग देण्याची कायझेन वाढतात. त्याऐवजी तीनच आकडे रोज लिहा: शॉपमधला माल किती दिवसांचा आहे, प्रत्येक पार्टची फेरी किती वेळात पुरी होते, आणि किती पीस पहिल्याच फटक्यात ओके निघाले. प्रत्येक सुधारणेच्या शीटवर सुरुवातीलाच लिहून घ्या की यातला कुठला आकडा किती हलेल असं टीमला वाटतं. अंदाज चुकला तरी चालेल. तो का चुकला याची चर्चा होते, आणि ती चर्चा नसेल तर पीडीसीएमधलं (ठरवा, करा, तपासा, सुधारा या चक्रातलं) तपासणं नुसतं नावालाच उरतं.

याहून नेमकं हवं असेल तर चार गोष्टी कळवा: प्रेसवर किती पार्ट, प्रत्येकाची रोजची मागणी, आजचा सेटिंगचा खरा वेळ (शेवटचा ओके पीस ते पुढचा पहिला ओके पीस, घड्याळ लावून मोजलेला), आणि आत्ता प्रेस व असेंब्लीच्या मध्ये जमिनीवर मोजून किती पीस आहेत. संगणकातला स्टॉक नको, जाऊन मोजलेला पाहिजे. मग तुमच्या पहिल्या सहा महिन्यांचे लॉट आणि कार्डं किती असावीत ते आकड्यांत सांगता येईल.